कठडा आणि कुलूप



महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी आणि वयोवृद्ध मंडळींना ख्रिस्तप्रसाद द्यायला आम्ही निघतो, तेव्हा एका आळीत आम्हांला दोन घरी थांबावे लागत असे. आता एकाच घरी थांबतो. त्या दोन घरांनी आमच्या मनात एक प्रश्न घालून ठेवला आहे. तो आम्हांला नीट सुटलेला नाही, म्हणूनच तो आज आपल्यापुढे मांडत आहोत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तरी कोणी ओळखले, तर मनातच ठेवावे ही विनंती.)

पहिले घर एका आजोबांचे. वय ऐंशीला टेकलेले, सारे आयुष्य शेतीवाडीत गेलेले, कणा ताठ. पत्नी आधीच देवाघरी गेलेली, मुलगा आखातात, सून इथेच शाळेत शिक्षिका. घर नवे, दुमजली. पण आजोबांचे न्हाणीघर आणि संडास जुन्या रीतीने मागच्या पडवीला, दोन पायऱ्या उतरून. मुलगा सुट्टीवर आला की म्हणायचा, "बाबा, आत कमोड बसवून घेऊ, भिंतीला धरायला दांडा लावू." आजोबांचे उत्तर ठरलेले असे, "मी काय लंगडा झालोय?" मुलाने बापाचा मान राखला. जुलैतल्या एका रात्री पाऊस कोसळत असताना आजोबा मागे गेले आणि ओल्या लादीवरून घसरले. दार आतल्या बाजूला उघडणारे आणि आजोबा त्या दारालाच टेकून पडलेले. सुनेला दार ढकलता येईना, कारण ढकलले की ते त्यांनाच लागायचे. शेवटी शेजाऱ्यांनी झरोक्याची जाळी काढून एका मुलाला आत उतरवले. त्यात पाऊण तास गेला. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, पण आजोबा अंथरुणातून उठले नाहीत. छातीत कफ साठत गेला आणि तिसऱ्या महिन्यात आम्ही त्यांचा अंत्यविधी केला. दफनानंतर मुलगा आम्हांला बाजूला घेऊन म्हणाला, "फादर, मी त्यांचं ऐकायला नको होतं का?"

दुसरे घर चार दारे सोडून. तिथल्या आजी तेव्हा ब्याऐंशीच्या. शेजारी घडलेले पाहून त्यांचे दोन्ही मुलगे घाबरले, आणि घाबरलेल्या माणसाने जे करावे ते सगळे त्यांनी केले. आजींची खोली खाली आणली, कमोड बसवला, दिवसभरासाठी एक बाई ठेवली. इथवर ठीक. मग मागच्या दाराला कुलूप लागले, कारण मागे विहीर आणि शेवाळलेली फरशी. चुलीकडे जायचे नाही, पायरी उतरायची नाही, आळीतल्या संध्याकाळच्या रोझरीलाही जायचे नाही, कारण वाटेत गटाराची फळी हलते. या गोष्टीला दोन वर्षे झाली. आजी एकदाही पडल्या नाहीत. मुलगे हे अभिमानाने सांगतात. आम्ही एकदा आजींना म्हणालो, "आजी, किती जपतात तुम्हांला." त्या म्हणाल्या, "खरं आहे फादर. पण पडायला मला उभं तरी कुठे राहू देतात?"

या दोन घरांत चूक कोणाची? पहिल्या घरातल्या मुलाने बापाच्या इच्छेला मान दिला आणि बाप गमावला. दुसऱ्या घरातल्या मुलांनी आई राखली, पण राखताना तिच्या इच्छेला विचारलेच नाही. दोघांनीही प्रेमाने केले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा प्रश्न आम्हांला परीक्षेला आला होता: दुसऱ्याचे हित आणि दुसऱ्याचे स्वातंत्र्य यांत विरोध आला तर श्रेष्ठ काय? आम्ही चार पाने लिहिली होती आणि गुणही बरे मिळाले होते. ती चार पाने त्या दफनभूमीत आमच्या काही उपयोगी पडली नाहीत.

अतुल गावंडे या अमेरिकेतील शल्यविशारदांनी २०१४ साली म्हातारपण आणि मृत्यू या विषयावर 'बीइंग मॉर्टल' हे पुस्तक लिहिले. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे. त्यांचे आजोबा तिथेच जवळजवळ एकशेदहा वर्षे जगले आणि म्हातारपणीही घोड्यावर बसून आपले शेत पाहून येत. अमेरिकेतल्या एखाद्या वृद्धगृहाने त्यांना घोड्याजवळही फिरकू दिले नसते. गावी मात्र भोवती माणसे होती, म्हणून ते बसत. त्याच पुस्तकात एक निरीक्षण आले आहे, ते आम्हांला फार लागले: माणूस स्वतःसाठी मोकळीक मागतो आणि ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांच्यासाठी मात्र सुरक्षितता. आपल्या आजींचे मुलगे स्वतः मोटारसायकलवर हेल्मेटविना फिरतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आईला मात्र पायरी उतरायची बंदी!

या गोंधळात आम्हांला बायबलमधल्या एका अगदी साध्या, जवळजवळ नगरपालिकेच्या नियमासारख्या वाटणाऱ्या आज्ञेने वाट दाखवली. जुन्या करारात अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, आठव्या वचनात, नवे घर बांधणाऱ्याला सांगितले आहे की, गच्चीला कठडा कर. तिथून कोणी पडले तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. आम्ही हे वचन अनेकदा वाचले होते आणि पुढे गेलो होतो. आजोबांच्या अंत्यविधीनंतर ते पुन्हा हाती आले तेव्हा थांबलो.

त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, पडणारा स्वतःच्या पायाने पडतो, तरीही दोष बांधणाऱ्यावर ठेवला आहे. आपल्याकडे कोणी म्हातारे माणूस न्हाणीघरात पडले की आपण म्हणतो, "वय झालं", "नशीब", "देवाची इच्छा". त्या दफनभूमीतही चौघे तसे म्हणाले. ज्या लादीवर सगळे घर वर्षानुवर्षे घसरत होते, त्या लादीचा दोष देवावर घालायला आम्ही तयार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वांत जास्त आहे. या पडण्याला कारणे असतात आणि ती बरीचशी ओळखता येतात. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. घरातले धोके शोधून दूर केले तर पडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटते, आणि ज्यांना पडण्याचा धोका जास्त आहे अशांमध्ये सुमारे ३८ टक्क्यांनी, असे त्यात दिसले. म्हणजे काही पडणी टळत नाहीत, पण पुष्कळशी टळतात. जे टाळता येते ते न टाळणे, यालाच आपण पापकबुलीच्या वेळी कर्तव्यात केलेली कसूर म्हणतो. मात्र या कसुरीची कबुली द्यायला आजवर आमच्याकडे कोणी आलेले नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आज्ञा कठड्याची आहे, गच्चीच्या दाराला कुलूप लावण्याची नाही. त्या देशात गच्ची ही राहण्याची जागा होती. तिथे माणसे धान्य वाळवीत, रात्री निजत, प्रार्थना करीत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पेत्र यापो गावी भरदुपारी प्रार्थनेसाठी गच्चीवर जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. कुलूप लावणे स्वस्त पडले असते आणि मग कोणी पडलेही नसते. पण माणसाने गच्चीवर जावे, तिथे वाकून खाली पाहावे आणि तरी पडू नये, यासाठी बांधणाऱ्याने खर्च करावा, असे त्या नियमाचे म्हणणे आहे. कठडा आणि कुलूप दोन्ही पडणे टाळतात. कठड्याने माणूस गच्चीवर जाऊ शकतो, कुलपाने तो घरातच राहतो.

आता हा कठडा आपल्या घरांत कुठे लागतो ते पाहू. इथे जरा तपशिलात जाणार आहोत. वाचकांना हे प्रवचनापेक्षा गवंड्याचे बोलणे वाटले तरी चालेल.

आपल्या भागात पावसाचे पाणी तुंबते आणि रस्ते दरवर्षी उंच होतात, म्हणून नवे घर बांधताना आपण जोते उंच घेतो. त्याबरोबर दारात तीन-चार पायऱ्या येतात आणि त्यांना बहुधा कठडा नसतो, कारण कठड्याने शोभा जाते. जुन्या घरांचे उंबरे उंच, पण तिथे हात टेकायला लाकडी खांब असायचा. नव्या घरात खांब गेला आणि गुळगुळीत काचेसारख्या लाद्या आल्या. आम्ही घर आशीर्वादाला येतो तेव्हा अशा लादीवरून मोजे घातलेल्या पायांनी चालताना आमचाही जीव मुठीत असतो. त्यात पांढरी लादी, पांढरी पायरी, पांढरी भिंत. म्हाताऱ्या डोळ्याला पायरी कुठे संपली ते कळतच नाही. पायरीच्या कडेला एक गडद रंगाची खरखरीत पट्टी मारली तर तेवढ्यानेही फरक पडतो. साठीनंतरच्या डोळ्याला तरुणाच्या डोळ्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो, आणि आपण आजीच्या खोलीत हमखास घरातला सर्वांत मिणमिणता दिवा लावतो.

सर्वांत मोठा धोका रात्रीचा, पलंगापासून संडासापर्यंतच्या दहा-पंधरा पावलांचा. रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी घेतलेले माणूस झोपेतून एकदम उठते तेव्हा डोके गरगरते. घाई असते, अंधार असतो, वाटेत पायपुसणे असते आणि ते सरकते. या वाटेवर रात्रभर जळणारा एक छोटा दिवा हवा. पायपुसणे, लोंबणारी वायर, मुलांची खेळणी काढून टाकावीत. पलंग असा हवा की कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. न्हाणीघराचे दार बाहेरच्या बाजूला उघडावे, किंवा निदान त्याची कडी बाहेरून काढता यावी. हे एक वाक्य लिहिताना आम्हांला तो पाऊण तास आठवतो. भिंतीतला दांडा विटेच्या भिंतीत खोल बसवलेला, सबंध माणसाचा भार घेणारा हवा. टॉवेलची दांडी धरून उठणारी माणसे दांडीसकट खाली येतात. आंघोळीला प्लॅस्टिकची खुर्ची घेणार असाल तर तिच्या पायांना रबरी बूट हवेत, नाहीतर ओल्या फरशीवर खुर्चीच घसरते.

यातल्या बहुतेक गोष्टींना फार पैसे लागत नाहीत. आम्ही तीस-चाळीस लाखांची घरे आशीर्वादली आहेत. दिवाणखान्यात झुंबर आहे, पण आजोबांच्या न्हाणीघरात काही शे-हजार रुपयांचा दांडा नाही. पैसे नाहीत असे कारण देणारी घरेही आपल्या धर्मग्रामात आहेत, आणि त्यांचे कारण खरे आहे. ते धर्मग्रामाने ऐकले पाहिजे. इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, लिफ्टविना राहणाऱ्यांचा प्रश्न दांड्याने सुटणारा नाही. तिथे काही वयोवृद्ध महिनोन् महिने खाली उतरलेले नाहीत. त्यांच्यासाठी तळमजल्याच्या घराशी अदलाबदल किंवा सोसायटीने सगळ्यांच्या खर्चाने लिफ्ट बसवणे, एवढेच मार्ग दिसतात. पहिल्या मजल्यावरचे सभासद लिफ्टचा खर्च नाकारतात. त्यांनाही म्हातारपण येणार आहे, पण त्यांचे गुडघे अजून चांगले आहेत.

दुसऱ्यांची घरे काढली, आता स्वतःचे सांगू. काही वर्षांपूर्वी आमच्या देवळाच्या दाराला व्हीलचेअरसाठी उतार बांधला. तीन पायऱ्यांची उंची दीड फूट. जागा कमी म्हणून उतार सहा फुटांत उरकला, त्याला चकचकीत लाद्या बसवल्या, फीत कापली, फोटो काढला. आपल्या देशातील सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट. आमच्या उतारावरून व्हीलचेअर वर जाताना दोन माणसांनी ढकलावी लागे आणि खाली येताना तिला धरायला तीन. एका आजोबांनी आम्हांला विचारले, "फादर, हा उतार कोणासाठी आहे? उद्घाटनासाठी?" आम्ही कोणाही चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला न विचारता तो बांधला होता. नंतर तो फोडला आणि बाजूच्या भिंतीने वळवून लांब केला. खर्च दुप्पट झाला. धर्मग्रामाच्या हिशेबात तो दुरुस्ती या खात्यावर दिसेल. त्या खात्याला दुसरे काही नाव द्यावे असे आमच्या मनात होते, पण खजिनदारांनी ऐकले नाही.

न विचारण्याची ही खोड आमची जुनी आहे. आमच्या आईच्या न्हाणीघरात दांडा बसवायला आम्ही एका सोमवारी मुद्दाम गावी गेलो. मिस्त्री बोलावला, भिंतीपाशी स्वतः उभे राहून हात धरून दाखवला, खूण केली, दांडा पक्का बसला. पुढच्या महिन्यात गेलो तर त्यावर टॉवेल वाळत होता. आम्ही रागावलो. आई म्हणाली, "फादर झालास तरी उंची तुझी आणि माझी एक नाही, बाबा." आमची उंची पाच फूट दहा इंच, तिची पाच फुटांच्या आत. शिवाय तिचा उजवा खांदा दुखतो आणि दांडा उजव्या हाताला! पुस्तकांत कठड्याची उंची जमिनीपासून साधारण तीस ते छत्तीस इंच सांगितलेली असते आणि ती उपयोगी आहे; पण खरे माप त्या माणसाचा हात. ज्याच्यासाठी करायचे त्याला उभे करून, डोळे मिटून, "आई, घाबरलीस तर हात कुठे जाईल?" असे विचारले असते तर पाच मिनिटांत काम झाले असते. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तिमय येशूपुढे उभा राहतो. त्याला काय हवे ते कोणालाही दिसत होते, तरीही येशू त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करू? उत्तर ठाऊक असतानाही विचारण्यात त्या माणसाला माणूस म्हणून उभे केले जाते. दांडा आता डाव्या बाजूला, पाऊण फूट खाली आहे. वरचा दांडा आईने काढू दिला नाही. टॉवेलला बरा पडतो म्हणते.

पण मग पहिल्या घरातल्या आजोबांचे काय? त्यांना विचारले होते. त्यांनी नको म्हटले होते. विचारणे एवढ्यावर गोष्ट संपत असती तर मुलाचे काहीच चुकले नव्हते. आम्हांला वाटते, त्यांना प्रश्न चुकीचा विचारला गेला. "दांडा लावू का?" या प्रश्नात त्यांना "तुम्ही आता निकामी झालात, कबूल करता का?" असे ऐकू आले. ताठ माणूस अशा प्रश्नाला हो म्हणत नाही. तोच दांडा मुलाने "घरात सगळ्यांसाठी" म्हणून, पावसाळ्याआधी, सुनेच्याही सोयीसाठी लावला असता तर? न्हाणीघराचे दार उलटे फिरवायला तर कोणाचीच संमती लागत नव्हती. त्याने आजोबांचे कोणतेही स्वातंत्र्य कमी होत नव्हते. काही सुधारणा माणसाला विचारून करायच्या असतात, काही घर सगळ्यांचे म्हणून करायच्या असतात. कोणती कुठली हे ओळखायला ॲरिस्टॉटलने आणि त्याच्यामागून संत थॉमस अक्वायनसने ज्याला व्यवहारातला विवेक म्हटले, तो लागतो. तो नियमांच्या यादीतून मिळत नाही.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीत एक तत्त्व आहे. अकरावे पोप पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात ते मांडले. लहान घटक जे स्वतः करू शकतो ते मोठ्या घटकाने त्याच्याकडून काढून घेणे अन्याय आहे. मोठ्याने मदत करावी, जागा बळकावू नये. पोपमहाशयांच्या डोळ्यांपुढे शासन आणि समाज होता. आम्ही ते स्वयंपाकघराला लावतो. आजी भाजी निवडू शकते, तर सुनेने ती हातातून घेऊ नये, मग एक तास लागला तरी. आजी बसून चहा करू शकते, तर शेगडी खाली, बसत्या उंचीवर आणावी, तिच्या हातातून लायटर काढून घेऊ नये. मदतीचे माप हे की मदतीनंतर त्या माणसाच्या हातून जास्त काही होते की कमी.

इथे सुनांच्या बाजूने बोलणे आमचे कर्तव्य आहे. आखातातून, कॅनडातून मुलगा फोनवर म्हणतो, "आईला हवं ते करू दे." आई पडली तर रात्री उठवायचे, बेडपॅन द्यायचे, नोकरी सोडायची कोणी? स्वातंत्र्य आजीचे आणि त्याची किंमत सुनेची, असा हिशेब कित्येक घरांत चालतो आणि त्याला आपण कुटुंबवत्सलता म्हणतो. ज्याच्या खांद्यावर सेवा येणार आहे त्याचे मत त्या निर्णयात असलेच पाहिजे. म्हाताऱ्या माणसानेही हे समजून घ्यावे. "मी कोणावर अवलंबून राहणार नाही" असे म्हणत दांडा नाकारणारे आजोबा शेवटचे तीन महिने पूर्णपणे सुनेवर अवलंबून होते. हे कठोर वाटेल, पण ते स्वतःच शेवटच्या दिवसांत आम्हांला असे म्हणाले होते, म्हणून लिहीत आहोत.

आणखी एक अवघड गोष्ट. ज्यांची स्मृती गेली आहे, जे गॅस चालू ठेवून विसरतात, रात्री दार उघडून रस्त्यावर जातात, त्यांच्या घरी कुलूप लावावे लागते. तिथे रेग्युलेटर बंद करून काढून ठेवणे, विहिरीला जाळी घालणे, दाराला घंटी बांधणे, शेवटी कडी लावणे, यात पाप नाही. आम्ही अशा घरांना दोष देत नाही आणि इतरांनीही देऊ नये. फक्त एवढे विचारतो: ते दार दिवसातून एकदा कोणाचा तरी हात धरून उघडते का?

आता शेवटी मूळ प्रश्नाकडे. म्हातारपणी स्वावलंबी राहावे असे वाटणे हा अहंकार तर नव्हे? आम्हांला बराच काळ तसे वाटत असे. योहानच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू पेत्राला सांगतो की, तरुण असताना तू स्वतःच कमर बांधून हवे तिथे जात होतास, पण म्हातारा झाल्यावर दुसरा तुझी कमर बांधील आणि तुला नको तिथे नेईल. आम्ही हे वचन वृद्धांना परावलंबन गोड करून घ्या, असे सांगायला वापरले आहे. ते वचन पेत्राच्या हुतात्म्य-मरणाविषयी आहे हे आम्ही सोयीने विसरलो. त्याला नको तिथे नेणारे त्याचे मारेकरी होते. म्हाताऱ्या बापाला नको तिथे नेताना त्या वचनाचा आधार घेणाऱ्याने आपण त्या गोष्टीत कोणाच्या जागी उभे आहोत ते पाहावे. अवलंबून राहणे हा माणसाचा धर्म आहे; आपण सगळे जन्मतः अवलंबून आहोत. पण दुसऱ्याच्या हातावर भार टाकून स्वतःच्या पायाने चालणे आणि दुसऱ्याने उचलून नेणे यांत फरक आहे. दुसरे पोप जॉन पॉल यांना शेवटच्या वर्षांत चालवेना, तेव्हा सेंट पीटर्समध्ये त्यांच्यासाठी चाकांचा मंच केला गेला. सेवक तो ढकलत आणि ते लोकांसमोर येत. त्यांना खोलीत बसवून ठेवणे सोपे होते.

दुसऱ्या घरातल्या मुलांशी आम्ही तीनदा बोललो. तिसऱ्यांदा त्यांना त्या कठड्याच्या आज्ञेविषयी सांगितले. थोरला म्हणाला, "फादर, तुम्ही जबाबदारी घेता?" आम्ही गप्प बसलो, कारण घेऊ शकत नव्हतो. धाकट्याने मात्र मागच्या दारापासून विहिरीपर्यंत शेवाळ खरवडून काढले, फरशी टाचवून घेतली, बाजूने जी. आय. पाइपचा कठडा केला, विहिरीवर लोखंडी जाळी टाकली. पाइपची उंची आजींना उभे करून ठरवली. कुलूप अजून आहे, रात्री लागते.

गेल्या पहिल्या शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा आजी खोलीत नव्हत्या. सांभाळणारी बाई म्हणाली, "मागे आहेत." ख्रिस्तप्रसाद हातात घेऊन आम्ही मागे गेलो. अबोलीच्या ताटव्यापाशी, कठड्याला काठी टेकवून, आजी छोट्या स्टुलावर बसून गवत उपटत होत्या. आम्हांला पाहून म्हणाल्या, "थांबा फादर, हात धुऊन येते." उठायला त्यांना दोन मिनिटे लागली, नळापर्यंत जायला आणखी तीन. आम्ही हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. पाइप धरला. आम्ही तिथेच उभे राहून वाट पाहिली.